तळटीप : मेपलच्या दस्त्यावरील पट्टे

* ‘पट्ट्यापट्ट्यांचा दस्ता’ : पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी १८व्या शतकात घडवलेल्या लांब नळीच्या रायफलींचे दस्ते बहुधा मेपलचे असत. काही मेपलांत तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वळतात. रंधा मारल्यावर काही ठिकाणी तंतूंची टोके उघडी पडतात, ती रंग अधिक पितात आणि आडवे गडद पट्टे उमटतात. ते खुलवण्यासाठी लोखंडाचा कीस विरघळवलेले नायट्रिक आम्ल लावून लाकूड शेकत. असे लाकूड हाती नसले, की साध्या मेपलवर गडद रंगाने पट्टे ओढत. डांबरात भिजवलेली दोरी दस्त्याभोवती गुंडाळून पेटवत, ही गोष्ट हौशी मंडळी रंगवून सांगतात. ती जपूनच घ्यावी. ब्रशने जे सहज साधते, त्यासाठी तयार दस्ता आगीच्या तोंडी कोण देईल? खरे-खोटे ओळखायला उजेड पुरतो : बंदूक फिरवली, की लाटांचे गडद-उजळ पट्टे जागा बदलतात, रंगवलेले जिथल्या तिथे राहतात. मात्र रंगवलेला जुना दस्ता नकली समजून घासू नये. ते पट्टे मूळ कारागिराच्याच हातचे असू शकतात.