एका तबकडीवरच्या दोन बहिणी

हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे यांच्या जुगलबंदीची ध्वनिमुद्रिका प्रथमच हाती घेणाऱ्यास, वेष्टनावरील भिन्न आडनावे वाचून, या सख्ख्या बहिणी असतील अशी शंकाही येत नाही. वडिलांचे नाव तर त्यांत शोधूनही सापडावयाचे नाही. हे वडील म्हणजे उस्ताद अब्दुल करीमखाँ; त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे त्यांचा व बडोद्याच्या ताराबाई माने यांचा संसार दुभंगला, आणि मुले आईजवळ नव्या नावांनी वाढली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई आणि सकीनाची सरस्वती. नावे पालटली, गळ्यातले किराणा घराणे मात्र जेथल्या तेथे राहिले.

गाणाऱ्या स्त्रीला बिदागी द्यावी पण बरोबरीचे आसन देऊ नये, हा जो त्या काळचा शिरस्ता, तो हिराबाईंनी कोणताही वाद न घालता मोडला: तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हातवारे व नखरा वर्ज्य करून, केवळ स्वरांवर मैफल उभी केली. आठ वर्षांनी धाकट्या सरस्वतीबाई बालवयातच रंगभूमीवर आल्या होत्या, आणि १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटातील गाण्याने त्यांचा आवाज घरोघरी पोचला. दोघींनाही सुरेशबाबूंची तालीम होती. ते १९५३ साली गेले, आणि भगिनींचे सहगायन सुरू झाले ते १९६५ पासून, म्हणजे थोरलीने साठी गाठल्यावर.

जुगलबंदी म्हटली की श्रोता मनातल्या मनात आखाडा आखून ठेवतो. येथे तसा प्रकार नाही. एकीने आलाप सुरू केला की दुसरी षड्ज धरून थांबते, समेच्या आधी मुखडा दोघी मिळून उचलतात, आणि पुढची बढत जेथे सोडली तेथूनच, त्याच स्वरावरून, दुसरीच्या गळ्यातून चालू होते. हा स्वर कोणाचा, हे काही वेळा जाणत्यालाही नक्की सांगता येत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल आटोपावा लागे, आणि किराण्याच्या अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण मिनिटाचे! दीर्घ मुद्रिकेच्या एका बाजूस वीसएक मिनिटे मिळू लागली, तेव्हा कोठे या संथ गायकीस ऐसपैस बसण्यापुरती जागा झाली. दोघींत तिची वाटणी करूनही कोणाचे गाणे उणे वाटत नाही, यातच मला त्यांच्या तालमीची खरी कसोटी दिसते. तानांच्या आतषबाजीसाठी कान टवकारून बसणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो, तो होऊ द्यावा.

हिराबाई १९८९ साली निवर्तल्या. सरस्वतीबाईंनी २००६ मध्ये पुण्यातच देह ठेवला.