मूत्रपिंडदान : देणाऱ्याच्या होकाराचा इतिहास

आपण पिंपरीत जमलो आहोत, तर सुरुवातही पिंपरीपासूनच करू. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तुमच्यापैकी काहींचे वडील 'एचए'मध्ये नोकरीला असतील. त्याच वर्षी २३ डिसेंबरला अमेरिकेत, बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम इस्पितळात, डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे एक मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवले. जिवंत दात्याकडून झालेले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला.

यातला शस्त्रक्रियेचा भाग सगळेच सांगतात. आपण दुसरी बाजू बघू. रोनाल्डला काहीही झालेले नव्हते. धडधाकट माणसाच्या शरीरावर, त्याचा स्वतःचा काडीचाही फायदा नसताना, सुरी चालवायची का? मरे यांच्या चमूने डॉक्टरांचा, वकिलांचा, धर्मगुरूंचा सल्ला घेतला. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली, की तू इथून निघून घरी जा. रोनाल्डने उलट कळवले, की आलोय तो राहणारच. म्हणजे काय, तर घेणाऱ्याने देणाऱ्याला नाही म्हणायची वाट मोकळी करून दिली होती. आजचा आपला मुद्दा हाच आहे.

जुळेच का निवडले? कारण शरीर परका अवयव नाकारते. एकसारख्या जुळ्यांमध्ये तो प्रश्न येत नाही. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या केईएममध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला. रुग्ण फार दिवस जगला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. मग आले सायक्लोस्पोरिन. नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळालेले हे औषध शरीराचा नकार दाबून ठेवते. अमेरिकेत त्याला १९८३ मध्ये मान्यता मिळाली. मातीतून औषध निघते याचे पिंपरीकरांना नवल वाटू नये. 'एचए'च्या हॅमायसिनचा जंतू आठवा. त्याचे शास्त्रीय नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' आहे.

अशा औषधांमुळे रक्ताचे नाते नसले तरी चालू लागले. नवऱ्याला बायको मूत्रपिंड देऊ लागली. पण त्याच वाटेने बाजारही आला आणि गरिबाची किडनी विकली जाऊ लागली. म्हणून १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो राज्यांपैकी महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात सर्वांत आधी लागू झाला. पैशाच्या व्यवहारावर बंदी आली. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे यांना 'जवळचे नातेवाईक' म्हटले गेले; २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यांत आली. बाकीच्यांसाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते.

या कायद्यामागचे गृहीतक बघा. परका माणूस देतो म्हणजे संशय, घरचा देतो म्हणजे प्रेम. पण घरात दबाव नसतो का? हे कायद्याला उशिरा सुचले. २०१४ च्या नियमांत एक लहानसे कलम आहे : दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियाच जास्त आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या कलमाचे वजन कळते.

आता थोडे आमचे. नऊ वर्षांपूर्वी आमच्या सौ.नी आम्हाला मूत्रपिंड दिले. तयारीचे तीन महिने आम्हाला पाठ आहेत. रक्तगट, ऊती जुळणी, क्रॉसमॅच. दात्याची दोन्ही मूत्रपिंडे वेगवेगळी किती काम करतात याचा स्कॅन, कारण त्यांतले चांगले मूत्रपिंड दात्याकडेच ठेवायचे असते. शिवाय कागदपत्रे. लग्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड. एकात माहेरचे नाव, दुसऱ्यात सासरचे. गावाकडून चाकणला आलेल्या कामगारांची तर या धावपळीत महिनाभराची मजुरी जाते.

मुलाखतीच्या वेळी आम्हाला बाहेर बसवले. ती आत काय बोलली, आम्हाला ठाऊक नाही. चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले, स्वातंत्र्य आणि इच्छा यांवर तासन्‌तास बोललो; पण 'तुला खरंच द्यायचं आहे का?' हे आम्ही तिला एकदाही विचारले नाही. ते गृहीतच धरले होते.

नंतरही तेच. येणारा जाणारा विचारायचा, 'सरांची तब्येत कशी आहे?' आमचा मास्क, आमचे उकळलेले पाणी, आमच्या गोळ्यांच्या वेळा. तिला सहा आठवडे जड उचलू नका असे सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात ती पाण्याची कळशी उचलत होती, आणि आम्ही ते बघत होतो. दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने तपासायची असतात. आमची फाईल वीतभर जाड झाली. तिची पहिली वार्षिक तपासणी झाली तीच मुळी चौथ्या वर्षी, मुलीने ओढून नेले तेव्हा. सुदैवाने सगळे ठीक निघाले.

केंद्र सरकारने २०२३ पासून आपल्या कर्मचारी दात्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा दिली आहे. चाकणच्या कंत्राटी कामगाराला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला ती कोण देणार? निदान आपल्या कारखान्यांनी आणि सोसायट्यांनी एवढा विचार करावा.

आणि घराघरांत दोन गोष्टी व्हाव्यात. ज्याला मूत्रपिंड हवे आहे त्याने स्वतः, रिचर्डसारखे, समोरच्याला 'नाही म्हणालास तरी चालेल' असे सांगावे. आणि देणाऱ्याला माहीत असावे, की डॉक्टरांना एकांतात नकार सांगता येतो. तो गुप्त ठेवून, दाता म्हणून योग्य नाही एवढेच ते घरच्यांना कळवू शकतात.

गेल्या वर्षी धीर करून आम्ही सौ.ना तो प्रश्न विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'आता विचारताय होय?' उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. आम्हीही पुन्हा विचारले नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.