एल्क, सांबर आणि तीरकमठा : शिकारीच्या पुस्तकांतून इतिहास कसा वाचायचा



आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या डोंगराळ भागात सप्टेंबरमध्ये एल्कची धनुष्यबाणाने शिकार करतात आणि त्यासाठी लोक कित्येक महिने आधी तयारीला लागतात. निगडीत किंवा चाकणला बसून पीएचडीचा प्रस्ताव लिहिणाऱ्याला याचं काय, असं तुम्हाला वाटेल. माझ्या मते बरंच काही आहे. ही तयारी म्हणजे जुन्या अर्थाने फिल्डवर्कच आहे, आणि ते ज्ञान कुणाच्या नावावर जमा झालं हा प्रश्न आपल्या सह्याद्रीतही तसाच पडून आहे.

आधी शब्दाची भानगड

कोणताही विषय घेतला की आपण पहिल्यांदा शब्द टाकून शोध घेतो. इथे पहिलाच शब्द दगा देतो. उत्तर अमेरिकेत ‘एल्क’ म्हणजे वापिटी, शास्त्रीय नाव सर्व्हस कॅनाडेन्सिस. युरोपात ‘एल्क’ म्हणजे मूस, हा वेगळाच प्राणी. आणि एकोणिसाव्या शतकातल्या सिलोनमध्ये इंग्रज शिकारी ‘एल्क’ म्हणायचे ते चक्क सांबराला! सॅम्युएल बेकर याचं सिलोनमधल्या शिकारीवरचं पुस्तक १८५४ साली आलं. त्यात एल्कच्या मागे कुत्री सोडल्याची वर्णनं पानोपानी आहेत, आणि तो प्रत्येक एल्क म्हणजे सांबर आहे.

समजा, एखाद्याने जुनी पुस्तकं चाळून ‘दक्षिण आशियातील एल्क’ अशी नोंद केली, तर त्याच्या तक्त्यात कधी अस्तित्वातच नसलेला प्राणी येऊन बसेल. उलट बाजूने पाहा. सांबराचं रोमन लिपीतलं स्पेलिंग प्रत्येक साहेबाने आपापल्या कानाप्रमाणे केलं. एकच स्पेलिंग टाकून शोधलंत तर निम्मे पुरावे हाती लागणार नाहीत, आणि वर इडलीबरोबरचं सांबार आणि राजस्थानातलं सांभर सरोवर मात्र मिळेल. म्हणून वाचायला बसण्याआधी शब्दांची यादी करा : कोणत्या काळात, कोणत्या प्रदेशात, कोण, कशाला काय म्हणत होतं. ही यादी तुमच्या प्रबंधात कदाचित दिसणारही नाही, पण सगळं काम तिच्यावर उभं असतं.

सिलोनच्या साहेबांची चूक अगदीच निराधार नव्हती. सांबर हे भारतातलं सर्वांत मोठं हरीण. मोठा नर दोन-अडीचशे किलोच्या पुढे जातो. तो घनदाट, चढउताराच्या रानात राहतो आणि माणसाचा वास आला की क्षणात नाहीसा होतो. आपल्या भागातलं एल्कच्या सर्वांत जवळचं जनावर हेच. चाकणहून राजगुरुनगरमार्गे वर गेलात की भीमाशंकरच्या अभयारण्यात ते आजही आहे. १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य आपल्याला शेकरूमुळे माहीत असतं, पण सांबर, भेकर आणि पिसोरीचंही ते घर आहे.

तयारी कशाची?

आता विज्ञानाच्या वाटेने जाऊ. धनुष्याच्या शिकारीत मुख्य अडचण अंतराची असते. बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला असं धरा आणि हवेचा विरोध तात्पुरता सोडून द्या. २० मीटरवर पोहोचायला त्याला ०.४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे ७८ सेंटीमीटर खाली येतो. ४० मीटरवर वेळ दुप्पट होतो, म्हणजे ०.८ सेकंद, पण घसरण चौपट होते, ३ मीटरहून जास्त. सेकंदाला ४५० मीटर वेगाची बंदुकीची गोळी तेवढ्याच अंतरात जेमतेम ४ सेंटीमीटर उतरते.

या दोन आकड्यांत दोन वेगळी जगं आहेत. बंदूकवाल्याचा अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तरी चालतं. धनुर्धाऱ्याला जनावराच्या इतकं जवळ जावं लागतं की तिथे वास, आवाज, हालचाल, सगळंच त्याच्या विरोधात असतं.

डोंगरात त्यात उताराची भर पडते. ३० अंशांच्या उतारावर ४० मीटर अंतरावर जनावर असेल, तर सपाटीवरच्या ४० मीटरच्या हिशेबाने मारलेला बाण सुमारे ४० सेंटीमीटर वरून जातो, कारण गुरुत्वाकर्षण नेमाच्या रेषेला काटकोनात पूर्ण ताकदीने ओढत नाही. खरा हिशेब आडव्या अंतराचा, म्हणजे सुमारे ३५ मीटरचा, धरावा लागतो. हे आपण कोसाइन काढून सांगतो. ज्याला कोसाइन माहीत नाही पण उतारावर लहानपणापासून तीर मारायची सवय आहे, त्याचा हातही हेच सांगतो.

तिसरी गोष्ट वारा. पहाटे थंड, जड हवा उतारावरून दरीकडे वाहते. ऊन चढलं की तापलेली हवा उतार धरून वर जाते. म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या बाजूने जायचं आणि दिवस वर आल्यावर वरच्या बाजूने, तरच आपला वास त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवर पश्चिमेचा वारा जोरात असताना हा नियम कोलमडतो, तेव्हा त्या-त्या खिंडीचा वारा वेगळा माहीत असावा लागतो.

आणि चौथी गोष्ट हंगाम. अमेरिकेत धनुष्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी बंदुकीच्या आधी, सप्टेंबरच्या सुमारास येतो. तेव्हा एल्कचे नर माजावर असतात, शिट्टीसारखी लांब हाळी देतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाळीला उत्तरही देतात. दिवस मात्र अजून उबदार असतात, त्यामुळे मांस लवकर खराब होण्याची भीती असते. सांबराचा माज आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, मुख्यतः हिवाळ्याच्या तोंडावर येतो. शिंगं उन्हाळ्याच्या सुमारास गळतात आणि पावसाळ्यात नवी, मऊ कातडीत गुंडाळलेली फुटतात. प्राण्याचं हे वर्षाचं वेळापत्रक पाठ असल्याशिवाय तयारी सुरूच होत नाही.

अंतर, उतार, वारा, हंगाम. यातलं काहीही आठवडाभराच्या पाहुण्याला शिकता येत नाही.

एक नाव नसलेला शिक्षक

अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीचा इतिहास सांगताना सॅक्स्टन पोप या डॉक्टरचं नाव हमखास येतं. त्याचं धनुष्यबाणाच्या शिकारीवरचं पुस्तक १९२३ साली आलं आणि पुढे १९६१ मध्ये त्याच्या आणि आर्थर यंगच्या नावाने एक क्लब निघाला. पण पोप शिकला कुणाकडून? १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा एक माणूस रानातून एकटाच बाहेर आला. त्याचे लोक हत्याकांडांत आणि उपासमारीत संपले होते. त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवण्यात आलं. पोप तिथलाच डॉक्टर. धनुष्य कसं घडवायचं, बाण कसा सोडायचा, दबा कसा धरायचा हे त्याने या माणसाकडून शिकून घेतलं. तो माणूस १९१६ साली क्षयाने वारला.

जग त्याला ‘इशी’ म्हणून ओळखतं. इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. स्वतःचं नाव त्याने कधीच सांगितलं नाही, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी हे नाव दिलं. तरीही त्याच्याविषयी इतकं लिहिलं गेलं की शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे आज स्पष्टपणे दाखवता येतं.

आपल्याकडे काय दिसतं?

आपल्या भागातला पुरावा थर लावून पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानच्या या शेतकरी वस्तीत पाळीव गुरांच्या हाडांबरोबर वन्य हरणांचीही हाडं मिळाली. हाडं काय खाल्लं ते सांगतात. ते जनावर बाणाने पडलं, फासात अडकलं की खड्ड्यात, हे मात्र हाडावर खूण असल्याशिवाय कळत नाही, आणि लाकडी धनुष्य तर आपल्या मातीत टिकतच नाही.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेचं सविस्तर प्रकरण आहे. तिथे शिकार हा राजाचा विनोद, म्हणजे करमणूक आहे. पोटासाठी रानात जाणारा त्याच्या मध्यभागी नाही.

मग येतात साहेबांची पुस्तकं आणि गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशचा खंड १८८० चा, पुण्याचा १८८५ चा. खानदेशात भिल्लांचा तीरकमठा प्रसिद्ध होता : बांबूचा कमठा आणि बहुतेक वेळा दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. भिल्ल आणि सह्याद्रीतले कातकरी, महादेव कोळी यांना जनावराच्या वाटा, पाणवठे, वारा हे सगळं माहीत होतं. शिकारकथांत ते वारंवार येतात, पण कसे? ‘शिकारी’, ‘माग काढणारा’, ‘हाकेकरी’ म्हणून. साहेबाच्या रायफलीचा कारखाना कळतो, कुत्र्याचं नावही कळतं. ज्याने पहाटे माग काढून साहेबाला माचाणावर बसवलं, त्याचं नाव बहुधा नसतं. आपल्याकडे इशीसारखी दिलेली नावंसुद्धा फारशी नाहीत.

१८७८ : एका वर्षात दोन कायदे

आता एक तारीख लक्षात ठेवा. १८७८ साली भारतीय वन कायदा आला. राखीव जंगलात शिकार, मासेमारी, फासे लावणं यांवर सरकारी नियम लागू झाले. त्याच वर्षी भारतीय शस्त्र कायदा आला. त्यातली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचा : बंदुका, तलवारी, भाले यांच्या रांगेत धनुष्यबाणही आहे.

तीरकमठा घेऊन रानात जाणाऱ्या माणसाच्या बाजूने हे पाहा. ज्या रानात तो जायचा ते राखीव झालं, आणि ज्या वस्तूने तो जगायचा ती कागदावर शस्त्र ठरली. रायफलीचा परवाना असलेला साहेब मात्र त्याच रानात ‘स्पोर्ट्समन’ होता.

पण इथे लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. कायद्याचं कलम म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार नव्हे. त्याच शस्त्र कायद्यात सरकारला सूट द्यायचाही अधिकार होता. कोणत्या जिल्ह्यात ती मिळाली, किती धनुष्यं जप्त झाली, किती खटले झाले, हे पाहायचं तर अधिसूचना, वनखात्याचे वार्षिक अहवाल आणि जिल्ह्याचे दप्तर उघडावे लागतील. कुणाला पीएचडीसाठी विषय हवा असेल तर हा घ्या. एकच जिल्हा, १८७८ नंतरची वीस वर्षं. पुरे होईल.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९५१ साली मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा झाला, १९७२ साली देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. हे योग्यच झालं. सांबर आज भीमाशंकरच्या रानात आहे ते संरक्षणामुळे. मात्र शिकार थांबली तसा ते ज्ञान वापरायचा रस्ताही बंद झाला, आणि ते नोंदवून ठेवायची घाई फार थोड्यांनी केली. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने आदिवासींकडून रानातले शब्द आणि निरीक्षणं गोळा केली म्हणून मराठीत निदान तेवढं तरी उरलं.

तुमच्यासाठी तीन प्रश्न

शिकारीचं जुनं पुस्तक असो की कुठलाही क्षेत्रीय अहवाल, वाचताना वहीच्या कडेला हे तीन प्रश्न लिहून ठेवा.

एक, ही गोष्ट लेखकाला स्वतःला कळली असणं शक्य आहे का? तो त्या रानात आठ दिवस होता आणि पाणवठ्याच्या बारा महिन्यांच्या सवयी सांगतोय, तर त्याला कुणीतरी सांगितलंय. त्या ‘कुणीतरी’च्या खुणा वाक्यात शोधा.

दोन, कुणाला नाव आहे आणि कुणाला फक्त काम आहे? साधा तक्ता करा. एका रकान्यात नाव असलेली माणसं आणि जनावरं, दुसऱ्यात नाव नसलेली. पन्नास पानांत चित्र दिसायला लागतं.

तीन, पुरावा नेमकं काय सांगतो? हाड आहार सांगतं, कलम सरकारचा हेतू सांगतं, शिकारकथा लेखकाची स्वतःबद्दलची कल्पना सांगते. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

आणि हे सगळं फक्त साहेबांना लागू आहे असं समजू नका. आपल्यापैकी जे पर्यावरणशास्त्र, वनस्पतीशास्त्र, भूगोल करतात, ते भीमाशंकरला, मुळशीला, मावळात जातात. प्लॉट कुठे घ्यायचा, ओढा कधी आटतो, कोणत्या झाडाला कधी फळ येतं, हे गावातला कुणीतरी दाखवतो. मग प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एक ओळ येते : ‘स्थानिक मदतनिसांचे आभार.’ दीडशे वर्षांपूर्वीच्या ‘हाकेकरी’ या शब्दापासून ही ओळ फार लांब नाही.

म्हणून फिल्डवर्कच्या पहिल्या दिवशी, जीपीएस चालू करण्याआधी, वाट दाखवणाऱ्याला विचारा : ‘दादा, तुमचं नाव लिहिलं तर चालेल का? आणि कसं लिहू?’ तो नको म्हणाला तर नका लिहू, तो त्याचा हक्क आहे. हो म्हणाला तर पूर्ण लिहा, आणि त्याने काय सांगितलं ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा. उद्या कुणी तुमचा प्रबंध उघडून नावांचा तक्ता करायला बसेल, तेव्हा दुसऱ्या रकान्यात एक माणूस तरी कमी असेल.