मुळा-प्रवरेची वीज आणि दारातली एकच गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेतली की जुनी पेट्रोलची काढून टाकावी का? पुण्यात लोक याचं उत्तर बॅटरीच्या आकड्यांत शोधतात. कोल्हारला मात्र हा आधी वायरमनला विचारायचा प्रश्न आहे, आणि त्यामागे पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे.

कोल्हार प्रवरेकाठी, नगर-मनमाड रस्त्यावर. शेजारी लोणी, तिथला १९५० चा सहकारी साखर कारखाना सगळ्यांना माहीत असतो. विजेचा सहकार मात्र लोक विसरले. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं आणि प्रयोग म्हणून देशात पाच ठिकाणी वीज वाटणाऱ्या सहकारी संस्था काढल्या गेल्या. त्यातली एक आपली मुळा-प्रवरा, मुख्यालय श्रीरामपूर. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि श्रीरामपूर, राहुरी व आसपासच्या भागात वाटायची. उसाच्या पट्ट्यात विहिरींवर मोटारी आल्या त्या याच काळात.

घोडं अडलं ते हिशोबात. शेतीपंपांना मीटर नव्हते, बिल हॉर्सपॉवरवर. मोजलीच नाही तर वीज किती वापरली आणि किती गळली, कळणार कसं? (लॉग न ठेवता सर्व्हर चालवण्यासारखंच हे!) मंडळाची, पुढे महावितरणची, थकबाकी वाढत वाढत दोन हजार कोटींच्या पलीकडे गेली. शेवटी परवान्याची मुदत संपल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये महावितरणने वितरण ताब्यात घेतलं.

त्याआधीची पाच-सहा वर्षं राज्यभर लोडशेडिंगची. मोटार आली तरी डिझेल इंजिन भंगारात घालायचं नाही, हा शहाणपणा ग्रामीण महाराष्ट्र तेव्हा शिकला. घरात इन्व्हर्टर आले तेही तेव्हाच. त्याच काळात गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करायला सुरुवात झाली, आणि माझ्या मते एकाच गावात दोन गावं झाली. गावठाणात दिवसरात्र वीज. मळ्यातल्या वस्तीवर शेतीचा फीडर, म्हणजे थ्री फेज ठरलेले तास आणि बाकी वेळ मिळालीच तर सिंगल फेज, तीही दिवा मिणमिणेल इतपत.

आता गाडीचं गणित. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची. घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर ताशी साधारण तीन युनिट जातात. रोज लोणी, राहाता, शिर्डी असं साठ किलोमीटर फिरलं तर आठ-नऊ युनिट, म्हणजे तीन तासांचं चार्जिंग. गावठाणातल्या घराला हे काहीच नाही. वस्तीवर व्होल्टेज १८० वर आलं की तीनाचे चार तास होतात, आणि चार्जरने नकारच दिला तर विषय संपला. त्यातून वळवाच्या पावसात तार तुटली की दोन-दोन दिवस गेले. नेमकं अशाच रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागतं. लोणीचं हॉस्पिटल दहा किलोमीटरच्या आत आहे म्हणा, पण तिथून पुढे नगर किंवा पुण्याला हलवायला सांगितलं तर?

लांबच्या ठरलेल्या प्रवासाची मला तेवढी काळजी वाटत नाही. पुणे-नगर मार्गावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली, आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेवरची शिवाई. दुसरी गाडी कधी कधी स्टँडवर उभी असते, ती दारात असायलाच हवी असं नाही.

"आमच्याकडे छतावर सोलर आहे की!" असं कोणी म्हणेल. पण ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाईन गेली की स्वतःहून बंद पडतं, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. वेगळी बॅटरी असेल तरच ते उपयोगी. तेव्हा गावठाणात जुनी गाडी खुशाल विका. वस्तीवर असाल तर निदान दोन पावसाळे थांबा, आणि लाईन किती वेळ जाते ते वहीत लिहून ठेवा.