सेल (मोबाइल दूरसंचार)

मोबाइल सेवेसाठी प्रदेशाचे जे छोटे छोटे रेडिओ-विभाग पाडतात, त्यांतील एकाला सेल म्हणतात. सेलमधल्या फोनशी संपर्क ठेवण्याचे काम बेस स्टेशन करते. फोनकडून बेस स्टेशनकडे जाणारा संदेशमार्ग म्हणजे अपलिंक, उलट दिशेचा डाउनलिंक. टॉवर म्हणजेच सेल, हा समज मात्र चुकीचा आहे. एका टॉवरवर सहसा तीन दिशांना तोंड केलेल्या अँटेना असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला १२० अंशांचा पट्टा येतो. म्हणजे टॉवर एक, सेल तीन. शिवाय बिनतारी प्रवास अनेकदा टॉवरपाशीच संपतो. तेव्हा पुढे आवाज जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून धावतो.

सेलची कल्पना येण्यापूर्वीही मोटारीत टेलिफोन होते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९४६ साली बेल कंपनीने तशी सेवा सुरू केली. उंचावर एक दणकट प्रक्षेपक आणि अख्ख्या शहरासाठी मोजकी चॅनेल, असा तो कारभार होता. एकाने चॅनेल घेतले की साऱ्या शहरासाठी ते अडले. १९७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कसारख्या महानगरात या सेवेचे ग्राहक होते जेमतेम साडेपाचशे, आणि प्रतीक्षा यादी हजारोंची.

यावरचा तोडगा बेल लॅब्सच्या डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्येच कागदावर मांडला होता. प्रक्षेपक मुद्दाम कमी ताकदीचा ठेवायचा, म्हणजे त्याच्या लहरी लांब जात नाहीत. मग तीच वारंवारता काही सेल सोडून पुन्हा वापरता येते. दूर पोचण्याचा सोस सोडल्यावरच मोबाइल सामान्यांच्या आवाक्यात आला, ही यातली खरी गंमत. नकाशावर सेल षट्कोनी काढतात, कारण षट्कोन फटी न ठेवता एकमेकांना चिकटतात. जमिनीवर इमारती आणि डोंगर सेलचा आकार वेडावाकडा करून टाकतात. ही कल्पना बाजारात यायला मात्र तीन दशके लागली: टोकियोत १९७९, शिकागोत १९८३.

गर्दीच्या वस्तीत सेल काहीशे मीटरचा असतो, माळरानावर काही किलोमीटरचा. टूजीच्या जीएसएम पद्धतीत त्याला सुमारे ३५ किलोमीटरची कमाल मर्यादा आहे, आणि तिचे कारण घड्याळात आहे. एका वाहक लहरीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात. दूरच्या फोनचा संदेश पोचायला उशीर होऊन तो शेजाऱ्याच्या पाळीत घुसू नये, म्हणून त्याला थोडे आधी बोलायला सांगितले जाते. ही आगाऊ वेळ ० ते ६३ पायऱ्यांत मोजतात. एक पायरी साधारण ५५० मीटरची. पायऱ्या संपल्या की रेंज दिसत असूनही सर्वसाधारण सेलमध्ये कॉल लागत नाही. टूजी फोन रेडिओशेजारी ठेवल्यावर येणारी ती ओळखीची टर्रटर्र म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा येणारी हीच पाळी.

चालू कॉल एका सेलकडून दुसऱ्याकडे सोपवणे म्हणजे हँडओव्हर. पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत कोणी बोलत असेल, तर त्याचा टूजी फोन साधारण दर अर्ध्या सेकंदाला आसपासच्या सहा प्रबळ सेलचे मोजमाप नेटवर्कला कळवतो. सेल बदलण्याचा निर्णय नेटवर्कचा असतो. नवा सेल थोडासाच वरचढ असेल तर बदल टाळतात, नाहीतर सीमेवर फोन दोन्हींमध्ये हेलपाटे घालत राहील. खंडाळ्याच्या बोगद्यात शेजारचा सेलच सापडला नाही, तर कॉल तुटतो.

भारतात बोलताना सेल आणि सर्कल यांत गल्लत होते. सर्कल हा परवान्याचा प्रदेश, रेडिओ-विभाग नव्हे. एका सर्कलमध्ये हजारो सेल असतात. मुंबईचे सर्कल वेगळे, तर उर्वरित महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या सर्कलमध्ये. त्यामुळे मोबाइलच्या सुरुवातीच्या वर्षांत पुण्याचा नंबर पणजीत घरचा ठरे आणि दादरला उतरताच त्याला रोमिंग लागे.