अमेरिकेत हौशी नौकाचालकांना सुरक्षा प्रशिक्षणाची सक्ती: नियम राज्यागणिक वेगळे

अमेरिकेत हौसेखातर मोटारबोट चालवण्यासाठी देशपातळीवरील परवाना नाही. सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे करायचे की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवते.

फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना १० अश्वशक्ती वा अधिक क्षमतेची बोट चालवताना प्रशिक्षणाचे ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. त्याआधी जन्मलेले चालक या सक्तीबाहेर राहतात. कॅलिफोर्नियाने मात्र २०१८ पासून वयोगटानुसार टप्प्याटप्प्याने सक्ती आणली. काही अपवाद वगळता, १ जानेवारी २०२५ पासून ती सर्व वयाच्या चालकांना लागू आहे. तेथील कार्ड आजीवन वैध असते.

अभ्यासक्रमात जलवाहतुकीचे नियम, दिशादर्शक बोया, जीवरक्षक जाकिटाचा वापर आणि आपत्कालीन उपाय यांचा समावेश असतो. अखेरीस परीक्षा घेतली जाते.

अमेरिकी तटरक्षक दलाच्या आकडेवारीनुसार, २०२३ मध्ये हौशी नौकानयनातील दुर्घटनांत ५६४ जणांचा मृत्यू झाला. चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती उपलब्ध असलेल्या मृत्यूंपैकी ७५ टक्के मृत्यू अप्रशिक्षित चालकांच्या बोटींवर झाले. बुडून मरण पावलेल्या व जाकिटाबाबत नोंद असलेल्या व्यक्तींपैकी ८७ टक्के जणांनी ते घातलेले नव्हते.