मेघबीजन प्रयोग, सोलापूर

मेघबीजन प्रयोग, सोलापूर : ढगांत क्षारकण सोडल्याने पाऊस खरोखर वाढतो का, हे तपासण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत केलेला प्रयोग. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘कायपीक्स’ कार्यक्रमाचा हा चौथा टप्पा. याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामती भागात अकरा पावसाळे मीठ फवारून पाहिले होते. लोकांच्या तोंडी रुळलेले ‘कृत्रिम पाऊस’ हे नाव फसवे आहे. मुळात ढगच नसेल तर कण फवारणाऱ्या विमानाचा काही उपयोग नाही.

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. जुळे सोलापूर या उपनगरातल्या गच्चीवरून दिसणारा काळा ढग बरसेलच याची खात्री नसते. असे ढग हेरून विमानाच्या पंखांवरील नळकांड्या पेटवत आणि कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगाच्या तळाशी सोडत. हे कण ओल धरतात, त्यांच्याभोवती मोठे थेंब बनतात. एकूण २७६ ढग निवडले होते. फवारणी कोणत्या ढगात करायची हे मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरे, म्हणजे न फवारलेले ढग तुलनेला उरत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही ठिकाणी पाऊस सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत वाढला. वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी वाढ १८ टक्के होती. बातम्यांनी पहिला आकडा उचलला. शेतकऱ्याच्या कामाचा दुसरा.

नियमन : शिस्त होती ती प्रयोगाच्या आखणीत, कायद्यात नव्हे. विमान उडवायला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, पण हवामानात फेरफार करण्याविषयी भारतात स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत १९७१ च्या कायद्याने अशा कामांची सरकारला माहिती देणे तरी बंधनकारक आहे. १९७६ चा ‘एनमॉड’ हा आंतरराष्ट्रीय करार हवामानाचा शत्रुत्वाने वापर करण्यास मनाई करतो. शांततेच्या वापराला त्याची आडकाठी नाही.

काटेकोर अर्थाने मेघबीजन हे भूअभियांत्रिकी, म्हणजे पृथ्वीच्या हवामानात मुद्दाम केलेला मोठा फेरफार, नव्हे; त्याचा परिणाम स्थानिक आणि तात्पुरता असतो. त्या वर्गातला भारताचा प्रयोग म्हणजे २००९ चा ‘लोहाफेक्स’. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोहक्षार टाकले. शेवाळ वाढावे आणि त्याने कार्बन खोल न्यावा, हा हेतू. जर्मन पर्यावरण मंत्रालयाच्या आक्षेपामुळे ‘पोलारस्टर्न’ जहाज निघाल्यावर काम थांबवावे लागले, आणि परिणामांची तपासणी झाल्यावरच ते पुढे सरकले. वाढलेले शेवाळ सूक्ष्म प्राण्यांनी खाल्ले. कार्बन फारसा खाली गेला नाही. २०१० मध्ये नागोया येथे जैवविविधता करारातील देशांनी अशा प्रयोगांवर संयम सुचवला, मात्र तो बंधनकारक नाही. लहान, नियंत्रित वैज्ञानिक प्रयोगांना त्यात सूट आहे.

फवारलेला ढग तालुक्याची शीव ओलांडून बरसला, किंवा उभे पीक झोडपले गेले, तर भरपाई कोणी द्यायची, हे ठरवणारे कलम सोलापूरच्या प्रयोगावेळी नव्हते.